बोडनझेच्या डोहातला हंडा

युरोपात जाऊन आलेल्या माणसाने तिकडे काय काय पाहिले ते सांगायचे असते, अशी आपल्याकडे रीत आहे. माझी पंचाईत अशी की, मी जे सांगणार आहे ते मी पाहिलेलेच नाही. पाहण्यासाठी मुद्दाम गेलो, दोन तास त्याच्या समोर बाकावर बसलो, बरोबर नेलेला डबा खाल्ला आणि न पाहताच परत आलो. तिथे पाहण्यासारखे काही नव्हतेच. जे होते ते शंभर मीटर पाण्याखाली होते, आणि तेही २०१६ सालच्या हिवाळ्यात, चारच आठवडे. आम्ही गेलो गेल्या जूनमध्ये.

"म्हणजे आपण बघायला काय चाललोय?" सौ.ने घरातून निघताना सरळ विचारले.

"एक जागा."

"तिथं आहे काय?"

"आता काही नाही. पूर्वी होतं."

"अहो, मग ते तर आपल्या गावाकडेही आहे," ती म्हणाली. ती सहज बोलून गेली. पण तो शब्द माझ्या मनात दिवसभर रुतून बसला. का, ते पुढे येईलच.

आमची लेक आणि जावई कॉन्स्टान्झला असतात. हे गाव जर्मनीच्या दक्षिण टोकाला, बोडनझे नावाच्या सरोवराच्या काठी आहे. सरोवर म्हटले तरी आपल्या डोळ्यांना तो समुद्रच. पाचशे छत्तीस चौरस किलोमीटर पाणी, सर्वांत खोल जागी २५१ मीटर, आणि काठाला जर्मनी, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया हे तीन देश. गंमत अशी की, मोठ्या सरोवरातून त्यांची सरहद्द नेमकी कुठून जाते हे त्यांनी आपसांत कधी लिहून ठरवलेलेच नाही. आमच्याकडे दोन भावांच्या शेताचा बांध वीतभर सरकला तर तीन पिढ्या कोर्टाची पायरी चढतात. इथे तीन देश एका पाण्यात पाय सोडून बसले आहेत आणि कोणाचे कोणावाचून अडलेले नाही.

लेकीने आमच्यासाठी यादी केली होती. फुलांचे मैनाउ बेट, फ्रीड्रिशहाफेनचे झेपेलिन विमानांचे संग्रहालय, ऱ्हाइनचा धबधबा. यादी चांगली होती. मी तिच्यात दोन ओळी वाढवल्या: शाफहाउझनचे तळे आणि यूबरलिंगनचा किनारा. "बाबा, तिथं कुणी जात नाही," ती म्हणाली. मी म्हटले, "म्हणून तर."

याचे कारण माझ्या पेशात आहे. मी चौतीस वर्षे वीजखात्यात काढली, त्यातली बरीचशी लोड डिस्पॅचच्या खोलीत. ही खोली म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. दूध नासते, भाजी सुकते. पण दुधाला निदान रात्रभराचा दम असतो, भाजीला दोन दिवसांचा. विजेला क्षणाचाही नाही. ज्या घटकेला जेवढी तयार होते त्याच घटकेला तेवढी खपली पाहिजे. जास्त झाली की फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नासाच्या वर चढतो, कमी पडली की खाली येतो, आणि फार खाली आला की कुणाच्या तरी घरी अंधार करावा लागतो. तो अंधार करणारा फोन आमच्या खोलीतून जाई. संध्याकाळी सात वाजता सारा महाराष्ट्र एकदम दिवे लावतो आणि मध्यरात्री एकदम झोपी जातो. मधल्या वेळात औष्णिक केंद्रांच्या भट्ट्या विझवता येत नाहीत. मोठ्या प्रमाणावर वीज साठवायची तर माणसाने फार पूर्वीपासून एकच खात्रीची युक्ती वापरली आहे: नको असेल तेव्हा त्या विजेने पाणी डोंगरावर चढवायचे, हवी असेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून जनित्र फिरवायचे. आपल्या घाटघरला हेच चालते. वरचे धरण अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर, खालचे शहापूरच्या बाजूला कोकणात, मध्ये चारशे मीटरांहून अधिक उतार. २००८ साली ते सुरू झाले, २५० मेगावॉटचे. मी त्या काळात ड्यूटीवर होतो. घाटघरचे यंत्र पाणी वर ओढू लागले की आमचा काटा जाग्यावर येई, आणि आम्ही चहा मागवत असू.

आता जमाना बदलला. सूर्य आणि वारा यांची वीज आली, आणि हे दोघे कुणाच्या सोयीने येणारे पाहुणे नव्हेत. जर्मनीत २०२४ साली चारशेहून अधिक तास असे गेले की, बाजारात विजेचा भाव शून्याच्याही खाली होता. वीज घेऊन जा आणि वर पैसेही घ्या! हे मी जावईबापूंच्या तोंडून ऐकले तेव्हा माझ्यातला जुना नोकरदार हळहळला. अन्न उकिरड्यावर टाकताना पाहून म्हाताऱ्या माणसाला व्हावे तसे मला झाले.

ऱ्हाइनच्या धबधब्याबद्दल फार लिहीत नाही. तेवीस मीटर उंच आणि दीडशे मीटर रुंद असा तो फेसाळ डोंब सगळ्यांनी वर्णिला आहे. आमच्या नातवाने तिथे दोन आइस्क्रीमे खाल्ली. मी मात्र सर्वांना ओढत शाफहाउझन गावाच्या वर, झाडीतल्या एका तळ्याकाठी नेले. एंगेवायर त्याचे नाव. चारी बाजूंना गर्द झाडे, फिरायला पायवाट. कुत्री घेऊन माणसे हिंडत होती. हे तळे देवाने केलेले नाही. १९०७ ते १९०९ या काळात ते माणसांनी खणले. ऱ्हाइनचे पाणी रात्रीच्या फालतू विजेने सुमारे दीडशे मीटर वर चढवायचे आणि गरजेला खाली सोडायचे, यासाठी. जगातल्या अगदी पहिल्यावहिल्या अशा केंद्रांपैकी हे एक. आपल्या खोपोलीला टाटांनी वीज काढली ती १९१५ साली. त्याच्याही आधी या लोकांना 'वीज काढणे' आणि 'वीज ठेवणे' हे दोन वेगळे उद्योग आहेत हे कळले होते. मी तळ्याकडे पाहून नकळत हात जोडले. नातवाने विचारले, "आजोबा, इथं देव आहे का?" तिकडे वाढलेली मुले आजोबांनाही 'तू' म्हणतात, तो पुढे म्हणाला, "तू नमस्कार का केलास?" मी म्हटले, "आमच्या खात्याचा मूळपुरुष आहे रे हा."

दोन दिवसांनी यूबरलिंगनला निघालो. कॉन्स्टान्झच्या श्टाड धक्क्यावरून मेअर्सबुर्गला मोटारी वाहून नेणारी बोट जाते. १९२८ पासून ही सेवा आहे, आणि ती रात्रंदिवस चालू असते. पाऊण पोळी खाऊन होईपर्यंत पलीकडचा किनारा येतो. मेअर्सबुर्ग हे टेकडीवरचे, द्राक्षमळ्यांचे, चित्रासारखे गाव. तिथे सौ. रमली. पुढे उंटरउल्डिंगनला पाण्यात खांब रोवून त्यांवर उभारलेली झोपड्यांची वस्ती लागते. अश्मयुगात आणि कांस्ययुगात या काठाची माणसे अशीच राहत असत. पाण्यात त्यांच्या खांबांचे बुंधे सापडले, त्यावरून ही घरे पुन्हा बांधली. संग्रहालय १९२२ सालचे. हजारो वर्षांपूर्वी बुडालेल्या वस्तीचा एकेक खुंट मोजून, लिहून, जपून ठेवला आहे. मी तिथे जरा गप्पच झालो. लेकीला वाटले उन्हाने दमलो.

यूबरलिंगनचा सरोवराकाठचा रस्ता लांबच लांब आणि सुरेख आहे. झाडांची सावली, बाक, कारंजे, पोहणारी पोरे. सरोवराचा हा फाटा अरुंद असला तरी खोल आहे, तळ दीडशे मीटरांच्या जवळ जातो. इथेच, किनाऱ्यापासून अवघ्या दोनशे मीटरांवर, ९ नोव्हेंबर २०१६ रोजी काँक्रीटचा एक पोकळ गोळा पाण्यात सोडला. बाहेरून तीन मीटर व्यासाचा, वजन वीस टन. तो शंभर मीटर खोल तळाशी जाऊन बसला. फ्रांकफुर्टचे प्राध्यापक होर्स्ट श्मिट-ब्योकिंग आणि झारलांडचे गेर्हार्ट लुथर या दोन पदार्थवैज्ञानिकांची ही कल्पना, २०११ सालची. ती पाण्यात उतरवून पाहिली फ्राउनहोफर या संस्थेच्या मंडळींनी.

कल्पना ऐकून मी पहिल्या दिवशी हसलो होतो. दुसऱ्या दिवशी मला झोप आली नाही.

बाकावर बसल्यावर नातवाला समजावून सांगू लागलो. "विहिरीत घागर बुडवलीस कधी?" त्याने अर्थातच बुडवली नव्हती. मग त्याच्या आजीने डब्याचे रिकामे भांडे काठाशी पाण्यात दाबून दाखवले. भांडे हाताला हिसका देऊन वर येऊ पाहते. जरा तिरपे केले की पाणी मुसंडी मारून आत शिरते. ही मुसंडी म्हणजेच ताकद. शंभर मीटर खाली ती किती असेल! गोळ्याला एक तोंड आहे, त्यात पंप बसवला आहे. वाऱ्याची वीज उतू जाऊ लागली की त्या विजेने गोळ्यातले पाणी बाहेर रेटून काढायचे. आत जवळजवळ पोकळी. विजेची गरज लागली की तोंड उघडायचे. सरोवराचे पाणी घुसते, येता येता तोच पंप उलटा फिरवते, आणि वीज वर येते. गोळा भरला की काम संपले. पुन्हा उपसा.

"म्हणजे रिकामा असतो तेव्हा तो भरलेला असतो?" नातू म्हणाला.

मला चौतीस वर्षांच्या नोकरीत इतके चांगले वाक्य सुचले नव्हते. घाटघरला वरचे धरण भरले की आमची तिजोरी भरलेली. इथे तिजोरी रिकामी केली की भरते. डोंगर लागत नाही, दुसरे धरण लागत नाही. वरचे धरण म्हणजे सारे सरोवरच, आणि ते आधीपासून भरलेले आहे.

रिकामा गोळा वर का येत नाही, हे सौ.ने विचारले. तिचा प्रश्न रास्त होता, कारण तिचे भांडे वर येत होते. हिशेब सोपा आहे. तीन मीटर व्यासाचा गोळा साधारण चौदा टन पाणी बाजूला सारतो. याचे वजन वीस टन. त्यामुळे आत काही नसले तरी तो बूड टेकून बसतो. जाड भिंत दोन कामे करते, वरचा दाब सोसते आणि गोळ्याला जागचा हलू देत नाही. मी खिशातल्या पाकिटाच्या पाठीवर पुढचा हिशेबही मांडला. भिंतीची जाडी सोडून आत समजा आठ घनमीटर पाणी मावले, तर शंभर मीटर दाबाने त्यातून दोन युनिटांच्या आसपास वीज निघेल. दोन युनिटे! एवढ्यावर आमच्या घरचा पाणी तापवायचा बंब तासभर चालतो. लेक हसली. पण हा नमुना होता, हंडा नव्हे, बोळके. खरा गोळा समुद्रात सातशे मीटर खोल ठेवायचा आहे. आतली पोकळी सुमारे बारा हजार घनमीटरांची, ताकद पाच मेगावॉट, सुमारे चार तास. गणिताने तेवीस हजार युनिटे येतात. यंत्राने आपला हिस्सा घेतल्यावर वीसेक हजार उरतात. महिन्याला शंभर युनिटे जाळणाऱ्या दोनशे घरांचा महिनाभराचा प्रपंच. शंभर युनिटे आत टाकली तर पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळावीत, असा करणाऱ्यांचा अंदाज आहे. घाटघरची बरोबरी करायला मात्र असे पन्नास गोळे लागतील.

आमच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक वृद्ध गृहस्थ बसले होते. माझी पाकिटावरची आकडेमोड ते बराच वेळ पाहत होते. त्यांनी नातवाला काहीतरी विचारले आणि दहा वर्षांचा आमचा दुभाषा कामाला लागला. गृहस्थ याच काठचे, माझ्याच वयाचे. गोळा सोडला त्या वेळी ते गावातच होते. "काही दिसलं का?" मी विचारले. दिसायचे काय? क्रेन होती, बोटी होत्या, माणसे कॉफी पीत होती. गोळा पाण्यात गेला, पाणी मिटले. महिन्याने वर काढला आणि घेऊन गेले. "इथे उरले काहीच नाही," ते म्हणाले, आणि यात त्यांना समाधान होते. कारण हे नुसते पाणी नव्हे, ते पितात ते पाणी. शेजारच्या झिप्लिंगनला साठ मीटर खोलीवरून सरोवराचे पाणी उचलतात, तीनशे दहा मीटर चढवून डोंगरावर नेतात आणि तिथून थेट श्टुटगार्टपर्यंत सुमारे चाळीस लाख माणसांना पाजतात. १९५८ पासून. इथल्या माणसाला सरोवरात काय टाकले आणि काय काढले याचा चोख हिशेब लागतो.

मग बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली. १९६३ च्या फेब्रुवारीत सारे बोडनझे गोठले होते. ते तेव्हा दहा वर्षांचे. बापाचा हात धरून ते या काठावरून बर्फावर चालत गेले. सरोवर असे गोठले की हाग्नाउ गावचे लोक संत योहानाचा अर्धपुतळा मिरवणुकीने पलीकडे स्वित्झर्लंडातल्या म्युन्स्टरलिंगनला नेतात. पुन्हा गोठेल तेव्हा पलीकडचे लोक तो परत आणून पोचवायचे, अशी जुनी चाल. ६३ साली पुतळा तिकडे गेला तो अजून तिकडेच आहे. तेव्हापासून सरोवर सगळे गोठलेच नाही.

मी ऐकत होतो, आणि माझ्या डोक्यात साले जुळत होती. त्यांच्या पाण्याची जमीन झाली त्याच सुमारास आमच्या जमिनीचे पाणी झाले होते.

सह्याद्रीच्या एका खोऱ्यात आमचे गाव होते. नाव घेत नाही. नकाशावर नाही ते घेऊन काय करायचे? धरण झाले तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा. मला आठवते ते एवढेच की, बैलगाडीत जात्याच्या तळीवर मला बसवले होते आणि आई मागे वळून पाहत नव्हती. बदल्यात जमीन मिळाली ती दोन जिल्हे पलीकडे, माळरानात. तिथे प्यायचे पाणी बायका मैलावरून आणीत. ज्यांचे गाव पाण्यात गेले त्यांना पाणी नव्हते, आणि ज्या विजेसाठी ते गेले ती आमच्या वस्तीत आली तेव्हा मी नववीत होतो. त्या खांबाच्या दिव्याखाली शिकलो आणि वीजखात्यातच चिकटलो. याला काय म्हणावे मला कधी कळले नाही.

गावच्या नदीला एक डोह होता. असे डोह महाराष्ट्रात गावोगाव आहेत, तुमच्याही आजोळी असेल. लग्नकार्याच्या आदल्या दिवशी काठावर जाऊन हळदकुंकू वाहायचे आणि किती हंडे, किती पराती, किती वाट्या लागतील ते सांगायचे. सकाळी तेवढी भांडी काठाला लागलेली. कार्य झाले की घासूनपुसून परत सोडायची. मग कुणा एकीला हाव सुटली, तिने एक वाटी ठेवून घेतली, आणि डोहाने देणे बंद केले. आई ही गोष्ट सांगताना वाटी ठेवणारीचे घरसुद्धा सांगे. आमच्या नव्या घरात पहिल्यांदा बटण दाबून दिवा लागला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आला बघ आपला डोह." पुढे अनेक वर्षे तिन्हीसांजेला दिवा लावताना ती तेच म्हणे. तक्रार म्हणून नव्हे. ओळखीचे कुणी आल्यावर म्हणावे तसे.

नोकरीत माझ्या टेबलावर नव्या पंपकेंद्रांच्या जागांचे नकाशे येत. कागदावर निळ्या पेन्सिलीने रंगवलेला ठिपका दिसे आणि शेजारी लिहिलेले असे, इतके दशलक्ष घनमीटर. त्या निळ्याखाली कुणाची तरी जाती, तुळशीवृंदावने, डोह असणार, हे मला ठाऊक होते. आणि काटा पन्नासाखाली आला की ते पाणी मलाच हवे होते. म्हणून या गोळ्याने माझी झोप उडवली. डोंगर नको, खोरे नको, कुणाला बैलगाडीत बसवायला नको. समुद्राच्या तळाला, जिथे कुणी राहत नाही तिथे, वीज ठेवायची.

हे मी त्या गृहस्थांना सांगितले. नातवाला 'जाते' आणि 'तुळशीवृंदावन' यांचे जर्मन आले नाही, ते लेकीने पुरे केले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "तुमच्या खोऱ्यात कुणी राहत नाही, असे तेव्हा कुणी म्हटले होते का?"

म्हटले होते. अगदी तसेच नव्हे, पण कागदावर 'वस्ती विरळ' असा शेरा होता; तो मी पुढे नोकरीत असताना स्वतः वाचला आहे. सातशे मीटर खाली माणूस राहत नाही हे खरे. पण तिथे काय राहते ते मी कुठे पाहिले आहे? हजारो टन काँक्रीट बूड टेकून बसणार, तासातासाला पाणी ओढणार आणि फेकणार, किनाऱ्यापर्यंत जाड केबली लोळत येणार. मी त्यांना उत्तर दिले नाही. त्यांनी मला पिशवीतल्या चेरी दिल्या, आम्ही त्यांना शंकरपाळे दिले. शंकरपाळे त्यांना आवडले.

घरी आल्यावर जावईबापूंशी रात्री उशिरापर्यंत वाद झाला. ते आशावादी, वयच तसे. या कल्पनेला आता भावंडेही झाली आहेत, असे ते म्हणाले. इटलीत एक मंडळी गोळ्याऐवजी लवचिक पिशव्यांच्या मागे आहेत. एक पिशवी समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगत, दुसरी तळाशी, मध्ये लांब नळी, आणि आत साधे पाणी नव्हे तर मिठाचे दाट द्रावण. ते समुद्राच्या पाण्याहून जड, म्हणून सोडले की खाली धावते आणि वाटेत चक्र फिरवते. वीज जास्त झाली की पुन्हा वर ढकलायचे. म्हणजे तरंगते घाटघरच! मी पाकीट पुन्हा बाहेर काढले. समुद्राच्या घनमीटरभर पाण्याचे वजन हजार-पंचवीस किलो, दाट द्रावणाचे सुमारे बाराशे. उपयोगी पडतो तो फक्त फरक, पावणेदोनशे किलो. घाटघरला जे काम एक हंडा पाणी करते त्याला इथे सहा हंडे लागायचे. शिवाय वादळ आहे, शेवाळ आहे, शिंपले आहेत. जपानने ओकिनावा बेटावर समुद्राचे खारे पाणीच दीडशे मीटर उंचीवरच्या तळ्यात चढवून पाहिले होते. अष्टकोनी तळे, त्याला रबराचे अस्तर, तीस मेगावॉटचे यंत्र. १९९९ पासून ते चालले, आणि २०१६ साली मोडीत निघाले. ज्या साली यूबरलिंगनला गोळा बुडवला त्याच साली.

"मग तुमचं म्हणणं काय, हे होणार नाही?" जावईबापूंनी विचारले.

तसे मी म्हणत नाही. कॅलिफोर्नियात लाँग बीचसमोर नऊ मीटर व्यासाचा, चारशे टनांचा गोळा पाच-सहाशे मीटर खोल ठेवण्याचा बेत २०२४ साली जाहीर झाला आहे. बोळक्याची घागर होते आहे. माझी अडचण घरगुती आहे. हा हंडा आमच्या दारात मांडता येत नाही. मुंबईसमोरचा समुद्र रुंद आणि उथळ आहे. तेल काढतात ते मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, तरी तिथे पाणी पंचाहत्तर मीटरच. त्या खोलीवर तोच गोळा नवव्या हिश्शाएवढीच वीज देईल. सातशे मीटर पाणी गाठायला शेकडो किलोमीटर आत जावे लागेल, आणि तेवढी केबल टाकायचा खर्च ऐकून हिशेबनीस उठून जाईल. नॉर्वेला जमेल, इटलीला जमेल, कॅलिफोर्नियाला जमेल. आमच्यापुढे पुन्हा सह्याद्रीच. निळी पेन्सिल अजून चालूच आहे. गेल्या काही वर्षांत घाटमाथ्यावर अशा किती जागा नव्याने पाहिल्या जात आहेत ते वर्तमानपत्रात येतेच.

यूबरलिंगनहून परततानाची एक गोष्ट सांगायची राहिली. मेअर्सबुर्गहून शेवटच्या उन्हात बोट निघाली. पलीकडे स्वित्झर्लंडातल्या डोंगरांवर अजून बर्फ होते. आम्ही कठड्याशी उभे होतो, सौ.ने शाल ओढून घेतली होती. नातवाच्या डोक्यातून डोहाची भांडी काही जात नव्हती.

"आजोबा, ती वाटी मग कुठं आहे?"

"कुणाला ठाऊक? साऱ्या गावाचीच भांडीकुंडी कुठल्या कुठे गेली."

"कुणी परत टाकली असती तर डोहाने पुन्हा दिलं असतं?"

"असं म्हणतात खरं."

सौ. इतका वेळ पाण्याकडे पाहत होती. ती हळूच म्हणाली, "अहो, सासूबाईंनी मला दिलेल्या भांड्यांत ती एक काशाची वाटी आहे बघा. कुठल्याच संचातली नाही. मी विचारलं की त्या विषय बदलायच्या."

मी तिच्याकडे पाहिले. ती हसत होती की नाही ते मला त्या उजेडात नीट कळले नाही. तेवढ्यात श्टाडचा धक्का आला, बोट टेकली आणि मोटारी सुरू झाल्या.